पुन्हा विचारायचे

निकिता करार घेऊन जिना चढत होती तेव्हा तिच्या स्वागताला दारात हिंमतराव काका उभे होते. माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, या खोलीत त्यांनी पंधरा वर्षांनी पाऊल टाकलं होतं. आप्पांना जाऊन तीन महिने झाले होते.

"या. जिना जपून चढा," ते तिला म्हणाले. "आमच्या भावाने तो कधी दुरुस्त केला नाही. माणूस पडला तरी चालेल, टेप पडता कामा नये, असा हिशेब होता."

निकिता हसली. मी आणि आई हसलो नाही. माझ्या धाकट्या भावाने, अभयने, घाईघाईने खुर्ची पुढे केली.

कसबा पेठेतली ही वरची खोली म्हणजे 'निळाई ध्वनिफिती'चं कार्यालय, गोदाम आणि ध्वनिमुद्रणाची जागा. खाली तांबटांची दुकानं. त्यांचे हातोडे दुपारी जेवायला थांबले की आप्पा लाल दिवा लावत, आणि गायक, ढोलकीवाला, कोरसच्या बाया, सगळे या दहा बाय बाराच्या खोलीत श्वास रोखून उभे राहत. चौऱ्याऐंशी सालापासून अशी चारशे बारा गाणी निघाली. बहुतेक भीमगीतं आणि बुद्धगीतं, थोडी लग्नातली. शेवटची कॅसेट २००६ ची. त्यानंतर आप्पा रोज येऊन खोली झाडत आणि टेपा उलट्यासुलट्या फिरवून ठेवत. टेप एकाच बाजूला गुंडाळलेली राहिली की गाणं गाण्याला चिकटतं, असं ते सांगत.

या गाण्यांसाठी सही करायची होती आईने. भीमराव ओव्हाळांची, म्हणजे आप्पांची, वारस म्हणून.

"काकू, एकदा सगळं थोडक्यात सांगते," निकिता म्हणाली. ती मुंबईच्या एका वितरण कंपनीची पुण्यातली माणूस. वय अठ्ठावीस-एकोणतीस. "फोनवर गाणी ऐकवणाऱ्या ज्या कंपन्या आहेत ना, त्या लहान लेबलशी डायरेक्ट बोलत नाहीत. चारशे गाणी त्यांच्या दृष्टीने काहीच नाहीत. मग लहान लेबलं आमच्यामार्फत जातात. आम्ही तुमची गाणी एका वेळी सगळीकडे पोचवतो."

"म्हणजे दलाल," काका म्हणाले.

"डिस्ट्रिब्युटर म्हणतात, काका," अभय म्हणाला.

"मीही तोच होतो. दोन पिशव्यांत कॅसेटी भरून दीक्षाभूमीला जायचो. मला कुणी डिस्ट्रिब्युटर म्हटलं नाही. हमाल म्हणायचे."

"तुम्ही स्टॉलवर पुढे कुठली कॅसेट मांडायची ते ठरवायचात ना, सर?" निकिता म्हणाली. "आम्हीही तेच करतो. जयंतीच्या आठवड्यात सगळ्या कंपन्या एक खास पान काढतात. भीमगीतांचं. त्या पानावर वर कोण दिसतं, यावर सगळं आहे. चौदा एप्रिलला तिथे यायचं असेल तर दहा मार्चपर्यंत गाणी आमच्याकडे हवीत. आणि तुमची 'ओंजळ' मला त्या पानावर सगळ्यात वर हवीय. लोक तेच गाणं शोधतात."

काकांनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "पोरगी कामाची आहे," ते आईला म्हणाले. "करा सही, वहिनी."

त्या दिवशी तारीख होती अठ्ठावीस फेब्रुवारी, २०१६.

*

अभयला एवढी घाई का होती, हे त्याने मला नंतर सांगितलं.

आप्पांच्या जलदानविधीच्या दिवशी, भन्तेजींची वाट पाहत सगळे बसलेले असताना, त्याने सहज फोनवर 'निळाई' शोधलं. काही सापडलं नाही. मग त्याने गाण्यांचे मुखडे टाकून पाहिले. तेव्हा मात्र भराभर सापडली. कुणीकुणी, आपापल्या नावाने, फुलांचे आणि सूर्योदयाचे फोटो लावून चढवलेली. 'ओंजळ' एकोणीस ठिकाणी होती. एकाही ठिकाणी गायिका वेणूबाईंचं नाव नव्हतं, गीतकार दीनानाथांचं नव्हतं, निळाईचं नव्हतं.

हडपसरच्या आयटी पार्कमध्ये तो दिवसभर दुसऱ्यांच्या बँकांची कामं करतो. तिथे त्याने बारा वर्षांत कधी कुणाला वडिलांचा व्यवसाय नीट सांगितला नव्हता. 'म्युझिकमध्ये होते' एवढंच म्हणायचा. त्या दिवशी त्याने ठरवलं की आप्पांच्या माघारी येणाऱ्या पहिल्या आंबेडकर जयंतीच्या आत ही गाणी त्यांच्या खऱ्या नावांनी फोनवर आली पाहिजेत. मग महिनाभर तो रोज कामावरून परस्पर इथे येत होता. मूळ टेपा एकेक करून संगणकावर घेत होता. गाणं, गायक, गीतकार, साल, लांबी अशी यादी करत होता. काही गाणी निकिताच्या कंपनीने परत पाठवली, 'मागे ठोकल्याचा आवाज येतो' म्हणून. तांबट जेवून लवकर आले होते, हे त्यांना कसं कळावं! अभयने तीही स्वच्छ करून दिली.

हे सगळं त्याने एकट्याने केलं होतं. मी त्या महिन्यात या खोलीत एकदाही गेले नव्हते. जिथे आप्पांचं अक्षर असेल तिथे मी जात नव्हते.

*

आईने चष्मा लावला आणि करार वाचायला घेतला. इंग्रजी होता. तिने तो अभयपुढे सरकवला. "मराठीत सांग."

"सगळं आई?"

"सगळं नको. सही कशावर करतेय ते सांग."

अभयने पानं उलटली. "मुख्य म्हणजे हे सातवं कलम. या सर्व ध्वनिमुद्रणांचे, आज असलेल्या आणि पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांतले सर्व हक्क आमच्याकडे आहेत, अशी आम्ही हमी देतो. बाकी नेहमीचं."

आईने पेन खाली ठेवलं.

ती उठली, भिंतीजवळच्या फळीकडे गेली आणि कार्यालयीन प्रतींच्या ओळीतून 'ओंजळ'ची कॅसेट काढली. डबी उघडली. पुढचं छापील कव्हर नखाने सोडवून बाहेर ओढलं. त्याच्या मागे चार घड्या घातलेला एक कागद होता. तो तिने टेबलावर उलगडून हाताने सपाट केला.

आप्पांचं अक्षर. वरची रेघ न ओढता लिहिलेलं, घाईतल्या माणसाचं. मी खिडकीकडे पाहिलं आणि मग मला पाहावंच लागलं.

'मी, वेणूबाई, राहणार हडपसर, हे गाणे निळाईला कॅसेटसाठी दिले आहे. दुसऱ्या कशासाठी लागले तर पुन्हा विचारायचे.' खाली वेणूबाईंची वाकडी सही. त्याच्या खाली निराळ्या शाईत: '२००१. सीडीसाठी विचारले. हो म्हणाल्या. चहा घेतला.'

खालून हातोड्यांचा आवाज येत होता.

"अशा किती आहेत?" अभयने विचारलं.

"प्रत्येक गाण्याची आहे."

"आणि तू मला आत्ता सांगतेस? महिनाभर मी इथे..."

"तू विचारलं नाहीस," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "टेपा कुठे आहेत विचारलंस. चावी कुठे आहे विचारलंस. कागद आहेत का, हे नाही विचारलंस. मला वाटलं, कधीतरी विचारशील."

निकिताने कागद उचलून दोनदा वाचला. "खरं सांगू का? मी आत्तापर्यंत तीस-चाळीस लहान लेबलं केली. कुणाकडे कागदच नसतात. सगळे सातव्या कलमावर डोळे मिटून सही करतात. असं आपण होऊन... " तिने वाक्य सोडून दिलं. "हे कोणी लिहून द्यायला सांगितलं होतं यांना?"

"कुणी नाही," काका म्हणाले. "तेच तर! कुणी नाही." ते उठून उभे राहिले होते. "तुम्हाला हे फार छान वाटतंय ना? मी सांगतो काय झालं ते. सीडी आली. बाकीच्यांनी आठ दिवसांत जुन्या गाण्यांच्या सीड्या काढल्या. आमचे साहेब स्वारगेटला जाऊन एसटीत बसले. का, तर विचारायचंय. आज फलटण, उद्या करमाळा, परवा बार्शी. कुणी घरी नसलं की दुसऱ्या दिवशी परत. आठ महिने! आठ महिन्यांनी साहेब सगळ्यांचे होकार घेऊन आले तेव्हा बाजारात आमचीच गाणी दुसऱ्यांच्या सीडीवर वाजत होती. मी स्टॉलवर रिकामा उभा. लोक विचारायचे, निळाईची सीडी कधी? मी सांगायचो, भाऊ चहा प्यायला गेलाय."

"म्हणून तुम्ही गेलात," मी म्हणाले.

"म्हणून गेलो. आणि पुन्हा तेच चाललंय, कल्याणी. दहा दिवस आहेत. चारशे बारा गाणी. निम्मे लोक मातीत गेले. करणार काय?"

"काका बरोबर बोलतायत, ताई," अभय म्हणाला. "आणि यातलं कोण नाही म्हणणार आहे? सगळ्यांना आनंदच होईल."

"मग विचारायला काय हरकत आहे?"

"वेळ! वेळ नाहीये. तिकडे एकोणीस जण 'ओंजळ' वर बसलेत. उद्या त्यातला एखादा हाच करार करेल, बिनधास्त सही ठोकेल, आणि मग आपली गाणी आपली आहेत हे आपल्यालाच सिद्ध करत बसावं लागेल. निकिता, सांग ना हिला."

"होतं तसं," निकिता म्हणाली. "जो आधी येतो त्याला हलवणं अवघड जातं."

"तू एवढी पुस्तकं वाचतेस, ताई. नवी आवृत्ती काढताना प्रत्येक वेळी लेखकाच्या घरी जातात का?"

"जायला हवं."

"हवं ते सोड. जातात का?"

मी आईकडे पाहिलं. ती माझी बाजू घेईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "अभयची घाई खोटी नाही." आणि पुन्हा पेन उचलून टोपण काढलं. त्या क्षणी मला वाटलं, झालं.

काकांना तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण ते आप्पांचे भाऊ होते. जिंकल्यावर आणखी एक वाक्य बोलायची त्यांच्या घराण्यात रीत आहे.

"माझंही गाणं आहे यात," ते निकिताला म्हणाले. "अठ्ठ्याऐंशी सालचं, स्वतः लिहून गायलेलं. त्या वर्षी तेच सगळ्यात जास्त खपलं. आणि सीडी काढली तेव्हा आमच्या भावाने काय केलं? माझंच गाणं वगळलं. मी धंदा सोडला त्याचा सूड. सगळ्यांना विचारत फिरला, सख्ख्या भावाला मात्र दारातून काढला. त्याची असेल का हो चिठ्ठी, वहिनी? काढा की."

आईने पेन ठेवलं. ती पुन्हा फळीकडे गेली. या वेळी तिला शोधावंही लागलं नाही. तिने डबी उघडली, पण कागद स्वतः काढला नाही. डबी तशीच काकांच्या हातात दिली.

*

काकांनी कागद उलगडला. चष्मा नव्हता, म्हणून हात लांब धरून त्यांनी तो वाचला. वरच्या दोन ओळी बाकीच्यांसारख्याच होत्या. सख्ख्या भावाकडूनही लिहून घेतलं होतं. खाली एकच ओळ होती.

'३ जून २००१. सीडीसाठी विचारले. नाही म्हणाला.'

ते काहीतरी आठवत असल्यासारखे उभे राहिले. मग त्यांना आठवलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर आम्ही तिघांनीही पाहिलं. त्या दिवशी ते पिशव्या आपटून निघाले होते. आप्पा त्यांच्या मागे जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, हिंमत, तुझं गाणं सीडीवर घेऊ का? काका म्हणाले होते, नाही देत, जा. काय करायचं ते कर. आणि रस्त्याला लागले होते.

"मी रागानं बोललो होतो," काका म्हणाले. ते आईशी बोलत होते. "वहिनी, भाऊ भावाशी रागानं बोलतो. ते काय लिहून ठेवायचं असतं?"

"मीही तेच म्हटलं होतं त्यांना," आई म्हणाली. "म्हटलं, भाऊजी रागात आहेत, गाणं घेऊन टाका. नंतर तेच खूश होतील. तर म्हणाले, परक्याचं 'नाही' ऐकायचं आणि भावाचं ऐकायचं नाही, हे कसं?"

"मग परत यायचं होतं विचारायला!"

"आले होते. दोनदा. तुम्ही दार उघडलं नाही."

काका खाली बसले. पंधरा वर्षं त्यांनी एका गोष्टीचा राग धरला होता आणि ती गोष्ट त्यांनी स्वतः केली होती. मला त्यांच्याकडे बघवेना. पण त्याच वेळी माझ्या मनात आप्पांविषयी जे दाटून आलं ते दुःखापेक्षा वेगळं होतं. तीन महिन्यांत पहिल्यांदा वेगळं होतं. सगळ्यात जास्त खपणारं गाणं त्यांनी बाजूला ठेवलं होतं, धंदा बुडत असताना, फक्त एका रागावलेल्या माणसाच्या शब्दाखातर. आणि त्याबद्दल घरात कधी एक अक्षर बोलले नव्हते.

"वहिनी," काका म्हणाले, "सही करू नका."

"काका!" अभय म्हणाला. "तुम्ही माझ्या बाजूने होतात!"

"होतो. आता माझ्या बाजूने आहे. माझ्या गाण्याला माझा नकार लागू आहे. कागद आहे माझ्याकडे."

निकिताला हसू आवरलं नाही. काकांनाही थोडं आलं. अभयला मात्र नाही. तो लॅपटॉपसमोर बसला होता, चारशे बारा ओळींच्या यादीकडे बघत. आता आमच्यापैकी कुणीही त्याच्या बाजूने बोलत नव्हतं, आणि सगळं काम त्याचं होतं. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

थोड्या वेळाने त्याने यादीत एक नवा रकाना केला. वर लिहिलं: विचारलं.

"निकिता," तो म्हणाला, "सातवं कलम बदलता येईल? सगळी गाणी नको. सोबत जोडलेल्या यादीतली तेवढीच, आणि फक्त फोनवर ऐकवण्यासाठी."

"बॉसला विचारावं लागेल. यादी छोटी असली तर चालेल. पण 'ओंजळ' हवीच."

"ती वेणूमावशींची आहे. ती मिळेल." मग तो काकांकडे वळला. त्याच्या आवाजात अजून घुस्सा होता. "काका, तुमचं गाणं फोनवर देऊ का?"

काकांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. "विचार करून सांगतो," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्यांनी अभयला फोन केला. एकच शब्द बोलले. "दिलं."

*

पुढचे आठ दिवस आई खोलीत बसून डब्या उघडत होती, मी चिठ्ठ्या वाचून दाखवत होते आणि काका फोन लावत होते. जे हयात नव्हते त्यांच्या मुलांना, नातवांना. श्रीगोंद्याचा एक ढोलकीवाला फोनवरच रडला. बार्शीच्या एका नातवाला आजोबा गात होते हेच ठाऊक नव्हतं. त्याने सगळं गाणं फोनवर ऐकून घेतलं आणि मग 'हो' म्हणाला. आप्पांच्या चिठ्ठ्यांत मला असं बरंच सापडलं: 'पाय दुखतो म्हणाले.' 'मुलीचे लग्न ठरले आहे.' 'आता गात नाहीत, पण हो म्हणाले.' ज्या अक्षराला मी तीन महिने भीत होते ते मी आता दिवसभर मोठ्याने वाचत होते. आठव्या दिवशी एकशे चाळीस गाण्यांपुढे अभयच्या नव्या रकान्यात 'हो' होतं. निकिताच्या बॉसने बदललेलं कलम मान्य केलं. 'ओंजळ' असेल तर, असं त्यांनी पुन्हा कळवलं होतं.

वेणूबाईंना फोनवर ऐकू येत नाही. म्हणून नवव्या दिवशी आम्ही तिघं, अभय, काका आणि मी, हडपसरला गेलो. गाडीतळाच्या मागे त्यांच्या दोन खोल्या आहेत. त्या दारात मेथी निवडत बसल्या होत्या. वय एकोणऐंशी.

"जय भीम, मावशी," अभय त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला.

"जय भीम. ऐकू येतंय, वरडू नगस. फोनमदी येत न्हाई, मानसाचं येतं." त्यांनी काकांकडे पाहिलं. "हिंमत, तू बी? भाऊ गेल्यावर आलास व्हय रं?"

काकांनी मान खाली घातली. "उशीर झाला, वेणूबाई."

"बसा."

अभयने सगळं सांगितलं. गाणी कंपनीच्या संगणकात राहणार, जगात कुणीही आपल्या फोनवर ऐकू शकणार, गाण्याखाली खरी नावं दिसणार.

"इकत न्हाई घ्यायाची? नुसती ऐकायची?"

"हो. रेडिओसारखी. पण ज्याला जे हवं ते, हवं तेव्हा."

"बरं हाय की. शेजारचं पोरगं मला दाखवतं, फोनमदी माजंच गानं, आन् खाली नाव लिवलंय कादंबरी. कोन गं ही कादंबरी? माज्यापरीस बरी गाती का?"

काका मोठ्याने हसले. मग अभयने यादी वाचायला सुरुवात केली. अडतीस गाणी होती. प्रत्येक नाव ऐकून वेणूबाई पहिली ओळ गुणगुणत, कधी दुसरीही, आणि मग म्हणत, "दे." आवाज पातळ झाला होता, पण सुरात होता. एका गाण्याला त्या थांबल्या, सगळं कडवं म्हणाल्या आणि मेथीची जुडी बाजूला ठेवली. बाहेर बस वळत होत्या, रिक्षावाले भांडत होते. आम्ही तिघं लहान मुलांसारखे त्यांच्यासमोर बसलो होतो.

"आता शेवटचं," अभय म्हणाला. "ओंजळ."

त्या गुणगुणल्या नाहीत.

"हे न्हाई," त्या म्हणाल्या.

अभयला वाटलं, ऐकू आलं नाही. "मावशी, 'ओंजळ'. तुमचं..."

"कळलं. ते न्हाई द्यायाचं."

"पण तेच तर लोकांना..."

"तिसऱ्या कडव्यात कुनाचं नाव हाय, ठावं हाय का तुला?"

अभयला ठाऊक होतं, मलाही. त्या काळातला इथलाच एक पुढारी. गाणं केलं तेव्हा तो वस्तीचा जीव होता.

"दीनानाथानं लई मनापासनं लिवलं, आन् मी लई मनापासनं गायलं," वेणूबाई म्हणाल्या. "मग त्यो मानूस फिरला. आमची वस्ती उठवाया गाड्या आल्या तवा त्यो सायबाशेजारी हुबा व्हता. मी बघितला माज्या डोळ्यांनी. आन् तवापासनं हरेक जयंतीला, हरेक लगनात, माज्या तोंडातनं त्याचं कवतिक. तीस वरसं झाली. आता नगं."

"ते एक कडवं काढून देता येईल," अभय हळूच म्हणाला. "मला जमेल ते."

"त्याच कडव्यात दीनानाथाचं नाव हाय. शेवटच्या वळीत. त्ये काढलं तर गानं कुनी लिवलं?"

आमच्याकडे गीतकार आपलं नाव गाण्याच्या शेवटच्या ओळीत गुंफतो. कागद हरवले, कव्हरं फाटली, तरी तेवढं राहतं. अभयने पुढे काही सुचवलं नाही.

काका पुढे सरकले. "वेणूबाई, बघा, रागाच्या भरात माणूस नाही म्हणतो, आणि मग..."

"रागानं न्हाई म्हनत, हिंमत. शांतपनी म्हनते."

काका मागे सरकले.

"तिकडे एकोणीस जणांनी ते टाकलंय, मावशी," अभय म्हणाला. आता तो मनधरणी करत नव्हता, फक्त खरं ते सांगत होता. "आम्ही नाही घेतलं तरी ते वाजतच राहणार."

"वाजंल. त्यांनी इचारलं न्हाई, मग त्यांना कुठनं सांगू? तुमी आला, इचारलं. म्हनून तुमाला सांगते." त्यांनी मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली. "भीमरावानं सीडीच्या येळला इचारलं तवा मी हो म्हनले. तवा धीर झाला न्हाई माजा. तुला न्हाई म्हनायला जमलं. तू बी तुज्या बापासारका ऐकून घ्यायाला बसलायस म्हनून आसंल."

अभयने मान डोलावली. यादीचा कागद मांडीवर घेऊन त्याने शेवटच्या ओळीपुढे पेनाने दोन शब्द लिहिले. ते मला दिसत होते, पण मी वाचले नाहीत. मग आम्ही चहा घेतला.

बाहेर आल्यावर अभयने फाटकाशी उभं राहून निकिताला फोन लावला. बसच्या आवाजामुळे त्याने स्पीकर चालू केला.

"सदतीस मिळाली," तो म्हणाला. "ओंजळ नाही."

"अभय सर, त्याशिवाय जयंतीच्या पानावर आपण येणार नाही. कदाचित करारही..."

"माहीत आहे."

"थोडं समजावून बघा ना. उद्या परत जा. म्हाताऱ्या माणसांचा मूड असतो."

काकांनी अभयकडे पाहिलं. मीही पाहिलं. आप्पा असते तर काय म्हणाले असते, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. अभयला ठाऊक आहे की नाही, याची आम्हाला खात्री नव्हती.

"नाही," अभय म्हणाला. "त्या नाही म्हणाल्या."

"बरं." निकिताने श्वास सोडला. "उरलेली पाठवा. मी भांडते बॉसशी. पण मला रिपोर्टमध्ये कारण लिहावं लागेल. काय लिहू?"

अभयने क्षणभर विचार केला. सांगण्यासारखं कारण होतं, आणि ते ऐकून निकिता कदाचित जास्त जोराने भांडली असती.

"ते त्यांचं आहे," तो म्हणाला. "ती जागा रिकामी ठेव."

त्याने फोन बंद केला आणि मागे वळून पाहिलं. वेणूबाई दारात येऊन उभ्या होत्या. फोनवरचं त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. त्या केवळ त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. अभयने तिथूनच सावकाश मान हलवली, 'ओंजळ' नाही देत म्हणून. वेणूबाई आणखी थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मग आत गेल्या.